वेर्जिनेची हाक

एकाहत्तर सालच्या वसंतात दरीतलं स्टेडियम सुरू झालं, तेव्हा मी तिथे तिकीट खिडकीवर लागले आणि वेर्जिने सेमेर्जियान निवेदिका म्हणून लागली. दोघी एकाच आठवड्यात. अर्धं स्टेडियम टेकडीच्या अंगावर रेललेलं आणि अर्धं सिमेंटच्या खांबांवर उभं. सत्तर हजार माणूस मावायचं. येरेवानमध्ये असं घर नव्हतं, ज्यातलं कोणी ना कोणी तिथे रविवारी सिमेंट कालवायला गेलं नव्हतं. माझा थोरला दीर तर आयुष्यभर सांगायचा, "पूर्वेकडच्या पायऱ्यांवर बसलात की जपून बसा, त्यात माझी कंबर गेलीय."

वेर्जिने बुटकी होती, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. नवरा ओन्निक चपला-बूट शिवायचा, त्यानं तिला उंच टाचांचे बूट करून दिले होते. ते घालून ती लोखंडी जिना चढून वरच्या काचेच्या खोलीत जायची आणि बोलायला लागली की खाली सत्तर हजार माणूस गप्प व्हायचं. आवाज भारदस्त, स्वच्छ, एकेक अक्षर पुसून ठेवल्यासारखं. लोकांना वाटायचं, ही कोणी उंचपुरी, गोरीपान, विद्यापीठात शिकवणारी बाई असणार.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खिडकीतल्या फोनवरून नवऱ्याशी बोलली आणि मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"अवो, मी येऊन रायली ना! तुमी जेवून घ्या. माह्यासाठी थांबू नोका."

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हे काय गं? गळ्यात दोन-दोन बायका ठेवल्यायस का?"

"एक सरकारी, एक घरची," ती म्हणाली आणि माझ्याच डब्यातलं चीज उचलून तोंडात टाकलं. तेव्हापासून आमची मैत्री.

ती परमुलखात, अलेप्पोत जन्मलेली, पण वंशानं आमच्यातलीच. सत्तेचाळीस साली तिचे वडील बायकापोरं घेऊन बोटीनं इकडे आले, मायदेशात राहायचं म्हणून. मायदेशानं त्यांना काय दिलं, तर एक टोपणनाव. भावाला ते 'अख्पार' म्हणायचे, आम्ही 'अख्पेर' म्हणतो. एवढ्याशा फरकावरून साऱ्या शहरानं त्यांना अख्पार म्हणायला सुरुवात केली. पावाच्या रांगेत अख्पार, शाळेत अख्पार. दहा वर्षांची वेर्जिने वर्गात कविता म्हणायला उभी राहिली की पोरं बाकं बडवायची. मग ती रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायला लागली. बातम्या सांगणारी बाई जे म्हणेल ते तस्संच म्हणायची. पिकांचे आकडे, हवामान, सगळं. आई म्हणायची, पोरीला वेड लागलं. त्यातून तो आवाज घडला. तो तिनं बाहेर जाताना अंगात घालायचा आणि घरी आल्यावर काढून ठेवायचा.

सामन्याच्या दिवशी तिचं काम नुसतं खेळाडूंची नावं सांगायचं नव्हतं. हाफटाइमला दवाखान्यातून फोन यायचा आणि ती गंभीरपणे सांगायची, "नागरिक अमुकतमुक, आपणांस मुलगा झाला आहे. प्रसूतिगृहात आपली वाट पाहत आहेत." सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवायचं. आणि हरवलेली पोरं. त्यांना वर तिच्या खोलीत आणायचे. ती त्यांच्या हातावर सूर्यफुलाच्या बिया ठेवायची, नाव विचारायची आणि कर्ण्यातून सांगायची. बिया संपायच्या आत बाप जिना चढत यायचा.

त्र्याहत्तर साली आमचा फुटबॉल संघ मॉस्कोच्या संघांना मागे टाकून सबंध देशात पहिला आला. त्या दिवसाचं मी काय सांगू! माणसं अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडत होती. वेर्जिनेनं विजेत्यांची नावं वाचायला सुरुवात केली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. तिनं माइक बंद केला, खिडकी उघडली आणि सगळ्यांसारखीच ओरडायला लागली. आवाजयंत्रं सांभाळणारा त्सोलाक नंतर मला म्हणाला, "अगं, ती काय ओरडत होती त्यातलं अक्षर कळलं नाही मला. अरबी होतं बहुतेक."

एकोणऐंशी साली तिचे वडील आणि धाकटा भाऊ हागोप अमेरिकेला निघाले. लॉस एंजेलिसला. तेव्हा अख्पारांची निम्मी घरं तिकडे चालली होती. तिच्याकडे जेवायला बोलावलं होतं, मीही होते.

वडील म्हणाले, "वेर्जिने, मी तुले इथं आणलं ते चुकलं माह्यं. आता घेऊन चाल म्हणतो, तर तू काहून ऐकत नाही?"

"बाबा, एक बोली गिळून मी इथं उभी रायली. आता दुसरी बी गिळू काय? तिथं जाऊन काय बोलू, आणि कोणाशी?"

"आमच्याशी बोल ना," हागोप म्हणाला.

"तुह्याशी बोलाले सबंध अमेरिका लागते काय रे?"

सगळे हसले, आणि वडील उठून बाल्कनीत गेले. ओन्निक जायला तयार होता, मला ठाऊक आहे. पण तो बायकोच्या मनाविरुद्ध पाऊल टाकणारा नव्हता. शिवाय मुलीचं, शाकेचं लग्न ठरलं होतं. मुलगा उत्तरेकडच्या लेनिनाकान शहरातला, गुर्गेन नावाचा, कापडगिरणीत इंजिनियर. पोरीला इथे ठेवून कुठे जायचं? विमानतळावर वडिलांनी वेर्जिनेचा हात सोडला नाही, शेवटी हागोपला बोटं सोडवावी लागली. पुढं तीन-चार वर्षांत वडील तिकडेच वारले. तिला मातीलाही जाता आलं नाही.

चौऱ्याऐंशी साली शाकेला मुलगा झाला. नेमका सामन्याच्या दिवशी. वेर्जिनेला वर फोन आला आणि तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं, "नागरिक ओन्निक सेमेर्जियान, पूर्व बाजू, आपण आजोबा झाला आहात." क्षणभर थांबून, "आणि मी आजी." त्या दिवशी आम्ही सामना हरत होतो, तरी लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पाहुणा गोलरक्षक गोंधळून इकडेतिकडे पाहायला लागला.

नातवाचं नाव जावेन, घरचं नाव जावो. एरवी तो आईबापांकडे लेनिनाकानला, पण उन्हाळाभर आजीकडे असायचा. शाके स्वतः शहरी बोलायची, लहानपणी तिलाही चिडवलं होतं, म्हणून आईची बोली तिनं कधी ओठांवर आणली नाही. पण जावो आजीच्या मांडीवर वाढला. चार वर्षांचं पोर अलेप्पोच्या म्हाताऱ्यासारखं बोलायचं. माझ्या खिडकीत येऊन म्हणायचं, "नेक्तारमावशी, तुमी आज लय तिकिटं विकून रायल्या का?" आणि रांगेतली माणसं हसून हसून बेजार. एकदा तो माझ्याजवळ बसला असताना कर्ण्यातून वेर्जिनेचा आवाज आला. मी विचारलं, "ओळख बघू कोण बोलतंय?"

"ते टीव्हीतली बाई हाय."

"अरे, आजी आहे तुझी!"

"नाही. माही आजी अशी नाही बोलत." आणि तो पुन्हा बिया सोलायला लागला. वेर्जिनेला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात भूकंप झाला.

सकाळची वेळ होती. येरेवानमध्ये दिवे हलले, माझ्या कपाटातल्या बशा वाजल्या, एवढंच. दुपारपर्यंत कळलं की लेनिनाकानला फोन लागत नाही. संध्याकाळपर्यंत कळलं की लेनिनाकानच उरलेलं नाही. ओन्निकनं घरातली कुदळ आणि घोंगड्या घेतल्या आणि त्सोलाकच्या चुलतभावाच्या ट्रकमध्ये बसला. वेर्जिनेही चढायला निघाली. त्यानं तिला खाली उतरवलं.

"तू इथंच राय. पोराले उचलून आणलं असलं, तर येरेवानलेच आणतील. इथं कोणी तरी पायजे."

दुसऱ्या दिवसापासून तिकडची माणसं यायला लागली. दवाखाने भरून वाहत होते. ज्यांना जखमा नव्हत्या, किंवा थोड्या होत्या, त्यांच्या बसेस स्टेडियमच्या अंगणात थांबायच्या, कारण एवढी मोकळी जागा शहरात दुसरीकडे नव्हती. पायऱ्यांखालच्या लांब बोळांत आम्ही गाद्या टाकल्या. शहरानं घरातले कोट, चादरी, भांडी आणून डोंगर रचला. माणसं तोंडावर सिमेंटची पांढरी धूळ घेऊन बसलेली. कोणी रडत नव्हतं, ते सर्वांत वाईट. आणि पोरं. कोणाची कोण, काही पत्ता नाही. ज्यानं बसमध्ये चढवलं तो मागेच राहिलेला.

वेर्जिने माइकसमोर बसली. आम्ही खालून चिठ्ठ्या नेऊन द्यायचो आणि ती वाचायची: "सुमारे सहा वर्षांची मुलगी, निळा स्वेटर, नाव सांगत नाही. उत्तरेच्या दरवाजाजवळ." "मुलगा, तीन वर्षांचा, कपाळावर जुना व्रण." तोच आवाज, तीच स्वच्छ अक्षरं. ती जेवायला उठायची नाही. मी चमच्यानं सूप भरवलं तर गिळायची. प्रत्येक चिठ्ठी हातात घेतली की आधी डोळ्यांनी वाचायची, मग तोंडानं. जावेनचं नाव त्यात नव्हतं.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एका वाक्याच्या मधोमध थांबली. मला वाटलं, चक्कर आली. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं.

"नेक्तार, तो खाली असला तरी येणार नाही."

"असं का म्हणतेस?"

"त्याला वाटेल, टीव्हीतली बाई बोलतेय."

मग तिनं माइक जवळ ओढला. मी तिथेच उभी होते. ज्या खोलीतून तिनं इतकी वर्षं एक शब्द वाकडा जाऊ दिला नव्हता, तिथून ती घरच्या बोलीत हाका मारायला लागली.

"जावो! माह्या जीवा, माह्या लेकरा, मी आजी हावो. कुठं लपून बसला रे बाप्पा? इकडे ये. मी रागावणार नाही. कोणी बी बोट धरलं तर म्हण, मले माह्या आजीकडे न्या. ये ना माह्या राजा. आजी इथंच हाय."

दरीत तो आवाज फिरून परत आला. खाली कोट निवडणाऱ्या बायका हात थांबवून वर पाहत होत्या. आमच्या शहरानं चाळीस वर्षं त्या बोलीला हसून घेतलं होतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

जावो आला नाही. जिन्यावर पावलं वाजली, ती एका लेनिनाकानच्या बाईची होती. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं.

"ओ बाई," ती दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या पोरीला 'गबाळे' म्हणून हाक मारा की. तुम्ही 'गायाने, गायाने' म्हणताय, ती वळून सुद्धा बघायची न्हाई. घरात तिला कुणी गायाने म्हटलंच न्हाई कधी."

"कशी हाक मारता? तुमीच मारून दाखवा," वेर्जिने म्हणाली.

बाईनं मारून दाखवली. वेर्जिनेनं ती तशीच्या तशी कर्ण्यातून मारली, तो लेनिनाकानचा ठसका, ते लाडानं खेकसणं, सगळं. रेडिओसमोर बसून जी विद्या ती शिकली होती, ती अशी उपयोगाला आली. तासाभरात जिन्यावर रांग लागली. एक म्हातारा म्हणाला, माझ्या नातवाला शीळ घालून बोलावतो आम्ही. मग त्सोलाकनं शीळ घातली. एकीनं अंगाईची ओळ सांगितली. वेर्जिने सगळं म्हणत गेली. दुपारी दक्षिणेकडच्या बोळात एक मुलगा घोंगडीतून ताडकन उठून बसला आणि म्हणाला, "माझी आई हाक मारतेय." त्याची आई जिन्यातच होती. ती गबाळी मात्र सापडली की नाही, मला कळलं नाही. ती बाई पुन्हा दिसली नाही.

संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला ओन्निक परत आला. हातांना चिंध्या बांधलेल्या. तो लोखंडी जिना चढून आला आणि खुर्चीवर बसला. वेर्जिनेनं माइक बंद केला.

"शाके सापडली," तो म्हणाला. "गुर्गेन बी. दोघं बी जिन्यात होते."

"आणि जावो?"

"बालवाडी भुईसपाट झाली. काही पोरं लोकांनी आधीच उचलून नेली म्हणतात. कोणी म्हणते हेलिकॉप्टरनं, कोणी म्हणते सैन्याच्या गाडीतून. कुठं नेली, कोणालेच माहीत नाही. मी सगळं उकरून पायलं, वेर्जिने. माह्या हातानं जेवढं उकरता आलं तेवढं."

तिनं त्याचे हात आपल्या मांडीवर घेतले. मी दार ओढून घेतलं आणि खाली आले.

शाके आणि गुर्गेनला लेनिनाकानमध्येच पुरलं. वेर्जिने पोराच्या मागे लागली. जखमींना विमानानं कुठे कुठे पाठवलं होतं, त्बिलिसी, मॉस्को, लेनिनग्राद. ती सगळीकडे गेली. जावोचा फोटो दाखवायची आणि परिचारिकांना सांगायची, "तो माझ्यासारखं बोलतो. शहरी नाही बोलत." रशियन परिचारिकांना त्यातलं काय कळणार! एका अनाथालयात त्याच वयाचा, त्याच नावाचा मुलगा निघाला. ती दोन दिवस आगगाडीत बसून गेली. तो दुसरा जावेन होता. परत आल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं, "गोड पोर होतं. मला म्हणालं, मीच असलो तर चालेल का?"

पहिल्या वर्षश्राद्धाला दगड घडवून घेतला. ओन्निकचं म्हणणं, त्यावर तीन नावं घालू. वेर्जिने ऐकेना.

"जित्या पोराचं नाव दगडावर घालता?"

"वेर्जिने, मले रडाले जागा पायजे. मी कुठं रडू?"

"त्याच्यासाठी रडू नोका. त्याले थंडीचे बूट करा. आता पाय वाढला असन त्याचा."

ओन्निक हातातलं कातडं खाली ठेवून म्हणाला, "कोणाच्या पायाचं माप घेऊ?"

दगडावर दोन नावं घातली. त्यानंतर त्या घरात फार बोलणं राहिलं नाही. भांडणही नाही. दोघं एका टेबलाशी जेवायची, कॉफी प्यायची, एकमेकांच्या अंगावर घोंगडी सारखी करायची. पण दोघांचं दुःख एका खोलीत बसेना.

मग मॉस्कोचं राज्य गेलं, देश मोडला. आमचा संघ आता कोणाशी खेळणार? सामने व्हायचे, पण पायऱ्यांवर मूठभर म्हातारे. वेर्जिने त्यांच्यासाठीही पूर्ण नावं वाचायची, बदली खेळाडूसकट. पुढं सरहद्दी बंद झाल्या आणि वीजच गेली. त्या हिवाळ्यांबद्दल काय सांगावं! झाडं गेली, बागेतले बाक गेले, आमच्या स्टेडियमची लाकडी बाकंही लोकांनी उपटून शेगडीत घातली. मीही दोन फळ्या आणल्या. घरी नातवंडं गारठली होती. ओन्निक त्र्याण्णवच्या जानेवारीत न्युमोनियानं गेला. कपाटाच्या दारांची शवपेटी केली. त्याला लेकीशेजारी झोपायचं होतं, पण गुम्रीपर्यंत (लेनिनाकानला आता पुन्हा हे जुनं नाव मिळालं होतं) न्यायला पेट्रोल मिळेना. येरेवानच्याच दफनभूमीत बर्फ फोडून जागा केली.

थोडी वीज आली तेव्हा स्टेडियमचा बाजार झाला. धावपट्टीच्या कडेनं, पायऱ्यांखाली, अंगणात, सगळीकडे टपऱ्या. इस्तंबूलची जाकिटं, चिनी चपला, इराणी साबण. मी पूर्वेच्या पायऱ्यांखाली पायमोजे विकायला बसले. माझ्या दिराची कंबर जिथे गेली तिथेच. आणि बाजारवाल्यांना जाहिराती सांगायला माणूस हवा होता. त्सोलाकनं वेर्जिनेचं नाव सुचवलं.

"चौदाव्या रांगेत कातडी जाकिटं. दर्जा उत्तम. सातव्या रांगेत मुलांचे पायमोजे, शुद्ध लोकर." तोच आवाज. पहिल्या दिवशी कितीतरी गिऱ्हाइकं चालता चालता थबकली. एक टक्कल पडलेला माणूस खालून वर ओरडला, "काय हो बाई, चँपियनशिपवरून पायमोज्यांवर आलात?"

वरून उत्तर आलं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं, "नागरिक, आपणही टोपी घ्या. नवव्या रांगेत मिळेल." बाजार हसला, तोही हसला. दुपारी तो माझ्याकडे येऊन मोजे घेऊन गेला आणि पैसे देताना म्हणाला, "त्र्याहत्तरला मी बापाच्या खांद्यावर बसलो होतो. हिचाच आवाज होता ना?" मी हो म्हटलं. 

रोज बाजार उठायच्या वेळी ती जाहिराती संपवायची आणि आपल्या बोलीत एक हाक मारायची. "जावो, आजी इथंच हाय." एवढीच. नवे दुकानदार आधी विचारायचे, ही कसली जाहिरात? जुने त्यांना सांगायचे. मग तेही त्या वेळेला ताडपत्र्या ओढताना आवाज करायचे नाहीत. बाजाराचा व्यवस्थापक होता, आर्ताश नावाचा तरुण, उर्मट पोरगा. सगळ्यांवर ओरडायचा. तिला त्यानं कधी एक शब्द विचारला नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एका शनिवारी तुफान गर्दी होती, शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस. कोणी तरी एक मुलगी वर आणून सोडली. चार-पाच वर्षांची, लाल सँडल घातलेली, रडून रडून उचकी लागलेली. मी तेव्हा वेर्जिनेसाठी कॉफी घेऊन गेले होते. वेर्जिनेनं तिला नाव विचारलं, कर्ण्यातून सांगितलं आणि तिच्या हातावर बिया ठेवल्या. जिना दणाणला. आई आत आली, आल्या आल्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, "कुठे मेली होतीस गं!" आणि लगेच तिला उचलून असं कवटाळलं की पोरगी श्वास घेता येईना म्हणून ओरडली. मग आई आमच्याकडे पाहून रडायला लागली, हसायलाही लागली. वेर्जिनेचे हात हातात घेऊन चुंबले आणि गेली.

वेर्जिने बराच वेळ त्या दाराकडे पाहत बसली. मी म्हटलं, "कॉफी थंड होतेय."

"नेक्तार, ह्या खोलीतून मी किती पोरं बोलावली असतील गं?"

"शेकडो. जास्तच."

"ऐकू आलं की येतात," ती म्हणाली. "ऐकू आलं, की कोणी ना कोणी येतंच. पोर येतं, आई येते. न येणारं एकही पाहिलं नाही मी."

 तिनं कॉफी घेतली, शेवटच्या घोटापर्यंत घेतली आणि कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी तिनं हाक मारली नाही. खाली लोक ताडपत्री हातात धरून थांबले होते. मग एकेकानं आवरायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. "गुम्रीले येतं का माह्यासोबत?" माझ्याशी ती त्या बोलीत कधी बोलत नसे.

गुम्रीचा दगडकाम करणारा मध्यमवयीन होता. त्याच्या अंगणात दगडांच्या रांगा लागलेल्या, बहुतेकांवर एकच तारीख. वेर्जिनेनं त्याला सांगितलं, लेकीच्या दगडावर नातवाचं नाव घालायचंय. त्यानं कानामागची पेन्सिल काढली.

"नाव काय घालू? घरचं का कागदावरचं?"

"कागदावरचं घाल. घरचं नोको. ते कोणाले वाचाले नोको."

"बरं. आणि तारीख?"

"तुले माहीत हाय."

त्यानं मान हलवली. त्यालाही माहीत होतीच. मग ती म्हणाली, "आणि खाली आणखी एक नाव घाल. ओन्निक सेमेर्जियान."

"तेही इथेच आहेत?"

"नाही. पण त्यायले इथं जागा पायजे होती. मी देली नाही."

आम्ही दफनभूमीत गेलो. शाके आणि गुर्गेनच्या दगडापुढं कारागीर गुडघ्यावर बसला आणि छिन्नी चालवायला लागला. आम्ही शेजारच्या कट्ट्यावर बसलो. वाऱ्यानं दगडाची काळी भुकटी तिच्या मांडीवर येऊन पडत होती. पहिलं अक्षर पुरं झालं तेव्हा वेर्जिने रडायला लागली. भूकंपापासून तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्यानं रडली, अगदी आवाज काढून, लहान पोर रडतं तशी. कारागीर थांबला. मी त्याला खूण केली, चालू दे. आणि तो ठोकत राहिला, ती रडत राहिली. निघताना त्यानं मजुरी घेतली नाही. वेर्जिनेनं जबरदस्तीनं त्याच्या खिशात सफरचंदं कोंबली.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. बाजाराच्या जाहिराती सांगत राहिली. बाजार उठला तेव्हा घरी बसली. भाजीवाल्याशी, शेजारणीशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी आता घरच्याच बोलीत बोलायची. दुसरी बोली ओठांवर आणायचा कंटाळा येतो म्हणायची. हिवाळ्यात आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसायचो, ती कॉफी करायची, मी विणायचे. जावोच्या गोष्टी ती सांगायला लागली होती. त्यानं भोपळा टोपीसारखा कसा घातला, ओन्निकच्या मिशीला डिंक कसा लावला. हसायची. मध्येच थांबायची. मग पुन्हा सांगायची. एका मार्चमध्ये सकाळी शेजारणीनं दार वाजवलं तर उघडलं नाही. झोपेतच गेली होती. गुम्रीला त्या दगडाशेजारी तिला ठेवलं. ह्या वेळी पेट्रोल होतं.

हागोप अमेरिकेहून आला. केस पांढरे, चालताना एक पाय ओढायचा. सगळं आवरल्यावर माझ्याकडे जेवायला आला आणि म्हणाला, "नेक्तारताई, तिचा आवाज कुठं धरून ठेवलेला हाय का? टेपवर, कशावर? माह्या पोरायनं तिले कधी ऐकलंच नाही."

मी त्सोलाकला फोन केला.  तो म्हणाला, "टेपा होत्या गं. यंत्रासकट गेल्या. त्या अंधाराच्या वर्षांत कोणी तरी तांब्यासाठी खोली धुऊन नेली. मी तेव्हाच बघायला हवं होतं."

मी हागोपला सांगितलं. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, स्टेडियम तरी दाखवा. दरवाजाला साखळी होती. आतली जागा कोणी तरी विकत घेतली होती, काय करणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. रखवालदार आत सोडेना. गजांतून पायऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्या फटींतून वाढलेलं गवत.

"ते कुठं बसायची?" हागोपनं विचारलं.

मी बोटानं वरची खोली दाखवली. काचा फुटल्या होत्या. तो गज धरून पाहत राहिला. रखवालदार मला हळूच म्हणाला, "ह्यांना सांगा, गजांना ताजा रंग दिलाय, कोट खराब होईल." मी सांगितलं. पण हागोपनं हात काढले नाहीत.